चहा उकळेपर्यंत बदललेली साडी

निपाणीत आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आला तो मास्तरीणबाईंच्या घरी. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आठवड्याला एकदा हसवणुकीची हिंदी मालिका लागायची, आणि सगळी गल्ली त्यांच्या सोप्यात येऊन बसायची. हिंदी मला अर्धंमुर्धंच कळायचं. म्हणून मी आपली नुसती बघायची, आणि नुसतं बघणाऱ्याला चुका दिसतात बघा. मालिकेतली बाई स्वयंपाकघरात गेली फुलाफुलांच्या साडीत आणि चहा घेऊन बाहेर आली ती चट्ट्यापट्ट्यांच्या! मी ओरडले, "अगं बया, चहा उकळंस्तवर लुगडं बदलून आली की!" सगळे खो-खो हसले. तेव्हापासून माझं ते कामच झालं. प्यालेला कप परत भरला, भिंतीवरचं घड्याळ मागं गेलं, सगळं मी धरायची. बायका मालिका कमी आणि चुकाच जास्त बघायला लागल्या.

एकदा मी असंच काहीतरी धरलं, तर मास्तरीणबाई हसत म्हणाल्या, "आक्का, तुमच्यात मात्र चूक सापडायची नाही. कधीही बघा, तीच हिरवी साडी!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मीही सगळ्यांबरोबर हसले, पण कान तापले. मी वखारीत तंबाखू निवडायला जायची. तिथं नेसायच्या लुगड्यांत तंबाखूचा खकाणा, ती बारीक धूळ, इतकी मुरलेली, की शेजारी बसणारा शिंकून बेजार. म्हणून टीव्हीला जायला ती एक हिरवी वेगळी धुऊन ठेवलेली. हे कुणाला सांगत बसायचं?

घरी धाकट्या जावेला सांगितलं. तीही वखारीतलीच, टीव्हीला यायला तिचीही ठेवणीतली एकच, तांबडी. ती म्हणाली, "त्यात काय हाय आक्का? माझी तुमी नेसा, तुमची मी नेसतो."

पुढच्या आठवड्याला तशाच गेलो. उंबऱ्यातच सगळ्यांचे डोळे एकदा माझ्यावर, एकदा तिच्यावर, परत माझ्यावर. साडी ध्यानात ठेवायला मीच तर त्यांना शिकवलेलं! एकजणही हसलं नाही. हसल्या असत्या तर लई बरं झालं असतं. मास्तरीणबाईंनी गडबडीनं जागा केली, कधी नाही ते बसायला पाट दिला.

मालिका लागली. नवरा बनियनवर जेवायला बसला आणि उठला तो शर्ट घालून. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आक्का, आज काही नाही का?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारलं.

"न्हाय बाई," मी म्हटलं, "आज समदं बरोबर हाय."

शेजारी जाऊ माझ्या हिरव्या साडीचा पदर गुडघ्याखाली सारत होती.