मोकळ्या काडीवरचं फुलपाखरू

माझ्या बायकोला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही. दादाला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या बाजारात समोर येणार नाही. भित्र्या माणसाची सोय आहे ही, आधीच कबूल करून टाकतो.

मी सौसरला मास्तर आहे आणि फुलपाखरांचे फोटो काढतो. ऐकायला किती छान वाटतं, नाही? नाजूक, हळवं वगैरे. प्रत्यक्षात डोकं फिरवणारा छंद आहे. चिखलात गुडघे टेकून, श्वास रोखून तुम्ही कॅमेरा जवळ नेता — आणि ते उडतं. दोन हातांवर जाऊन बसतं. तुम्ही सरकता, ते पुन्हा उडतं. तेवढ्यात धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एखादा भला माणूस विचारतो, ‘का शोधून राहिले मास्तर, चाबी पडली का?’ मग उरलंसुरलंही उडतं. आमच्या मोहगावच्या शेतांत अशा किती सकाळी मी दात-ओठ खात घालवल्या, विचारू नका. आणि हाती काय? पंखाचा अर्धा कोपरा आणि बरंचसं गवत.

एक फोटो मात्र जमला. एकच. लिंबावरचं फुलपाखरू — काळं, पिवळट ठिपक्यांचं, संत्र्याच्या बागेत नेहमी दिसतं ते — नुकतंच कोषातून बाहेर आलंय, पंख अजून ओले, चुरगळलेले. रिकाम्या कोषाला धरून लटकलंय. मागे सकाळचं ऊन आणि काट्यांची एक मोकळी काडी. पांढुर्णा जिल्हा झाल्यावर तिथल्या एका शाळेत प्रदर्शन भरलं, तेव्हा तो अगदी दाराशी लावला होता. लोक मान वाकडी करकरून बघत होते. मागची ती काडी, सर, काय साधलीय! व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर अजून अंगठे येतात, जोडलेले हात येतात, आणि दरवेळी कुणीतरी त्या काडीचंच कौतुक करतं. वैताग येतो. झाडाची पानं कुठे गेली, असं एकालाही विचारावंसं वाटू नये?

पानं कुठे गेली ते मला माहीत आहे. सांगतो. थांबा — आधी वहिनींबद्दल सांगायला हवं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन मोहगावला आल्या तेव्हा मी शाळेत होतो. पुढे कॉलेज संपेपर्यंत माझा डबा त्यांनीच केला. त्या घरात सगळं दादाचं. कापूस दादाचा, संत्र्याची बाग दादाची, कुठे काय पेरायचं तेही दादाच ठरवणार. मुलगी सासरी गेल्यावर वहिनींनी पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं — विहिरीजवळचा एक तुकडा. तिथे त्यांनी रोपवाटिका लावली. जंबेरी लिंबाची रोपं वाढवायची, हिवाळ्यात त्यांच्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, आणि तयार कलमं विकायची. दादा हसला. ‘एक साल करून पाह्य,’ म्हणाला, ‘नाई जमलं तं तिथं तूर टाकतो.’ मी तिथेच ताटावर बसलो होतो. त्या एका सालावर वहिनींचं काय काय टांगलेलं आहे, ते मला पक्कं कळलं होतं. कळलं नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आता हे माझं लाडकं फुलपाखरू अंडी घालतं ते लिंबू-संत्र्याच्या कोवळ्या पानांवर. अळी निघते, आधी पाखराच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, आणि रोपावर एक पान ठेवत नाही. मोठ्या झाडाला फारसा फरक पडत नाही; वीतभर रोप मात्र मरतं. म्हणून वहिनी रोज सकाळी वाफ्यांमधून वाकून फिरायच्या, एकेक अळी वेचायच्या आणि रॉकेल घातलेल्या पाण्याच्या डब्यात टाकायच्या.

त्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं, नागपूरला. महिनाभर जाणं भाग होतं. दादा रोपांत वाकणाऱ्यातला नव्हे. मी मात्र रोज शाळेआधी मोटरसायकलवर कॅमेरा घेऊन त्याच शेतात यायचो. ‘तुमी तसेई येताच भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या, ‘तेवढ्या अळ्या वेचत जाजा. अन् लई झाल्या तं हे औषध मारजा. सुरेशच्या दुकानातलं हाय, खात्रीचं.’ सुरेश म्हणजे त्यांचा मावसभाऊ, सौसरला खता-औषधांचं दुकान आहे त्याचं. वहिनींना सख्खा भाऊ नाही. राखी बांधायची ती सुरेशलाच.

मी हो म्हटलं. आणि एकही अळी वेचली नाही.

बघा, झालं सांगून. एवढंसं वाक्य, आणि ते तोंडातून निघायला इतकी वर्षं गेली.

पहिल्या दिवशी वेचणार होतो. डबा हातात होता. पण एका अळीला बोट लागलं आणि तिने डोक्यातून ती दोन लालसर शिंगं बाहेर काढली, तसा मी डबा ठेवून कॅमेरा घेतला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, उद्या. आणि मग उद्याही नाही — कारण तोवर डोक्यात दुसरंच शिरलं होतं. कोषातून फुलपाखरू निघतं ते सकाळी सकाळी, बघता बघता. एकच कोष असेल तर हमखास चुकतं. बरेच असले तर एखादा तरी हाती लागेल. म्हणून मला अळ्या हव्या होत्या. भरपूर. चार-सहा अळ्या बरणीत घालून घरी नेता आल्या नसत्या का? आल्या असत्या. पण बरणीतला फोटो बरणीतलाच दिसतो, आणि मला शेतातलं ऊन हवं होतं. रोपं उघडी पडत चालली होती. मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं. एक वाफा, मग शेजारचा. पानं गेल्यामुळे उजेड छान येतो, हेसुद्धा मी पाहून ठेवलं होतं.

फोटो मिळाला त्या सकाळी मी विहिरीजवळ एकटाच हसलो. मग वळून पाहिलं. सगळ्या काड्या. वहिनी आठवड्याच्या आत येणार होत्या आणि औषधाची बाटली सीलबंद होती. ती मी धुऱ्यापलीकडच्या खड्ड्यात ओतली आणि रिकामी बाटली फवारणीच्या पंपाजवळ ठेवली, दिसेल अशी.

वहिनी आल्या, वाफ्यांमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. मीच आधी बोललो. दोनदा मारलं वहिनी, अळी मरूनच नाही राहिली, औषध बोगस दिसते. आमच्याकडे हे कुणाला पटवावं लागत नाही. बियाणं उगवलं नाही तर बोगस, अळी मेली नाही तर बोगस. पुष्कळदा खरंही असतं. दादाने लगेच मान डोलावली. वहिनी तशाच सौसरला गेल्या आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्यांनी सुरेशला विचारलं, बहिणीलेई नाई सोडलं का? तो सांगत राहिला की त्याच खोक्यातलं औषध अर्ध्या मोहगावने नेलं, कुणाची तक्रार नाही. वहिनींना वाटलं, फसवतो आणि वर खोटंही बोलतो. त्यानंतर राखी नाही, भाऊबीज नाही. विहिरीजवळ दादाने तूर टाकली. अजून टाकतो.

मी सांगणार होतो. निदान सुरेशचं तरी. दर राखीच्या आधी हे मनात यायचं आणि मी चिडायचो. कुणावर? वहिनींवर — एका बाटलीवरून कुणी भाऊ तोडतं का? सुरेशवर — याला नीट भांडता येत नाही का? फुलपाखरावरसुद्धा चिडलोय मी. स्वतःला सोडून सगळ्यांवर. आणि कडी म्हणजे, वहिनींनी तो फोटो माझ्याकडून मागून घेतला, मोठा केला, काच बसवून बैठकीत लावला. आल्यागेल्याला दाखवतात. ‘आपल्या वावरातलं हाय, आमच्या भाऊजीनं काढलं.’ मी समोर बसून पोहे खातो.

गेल्या महिन्यात सुरेश स्वतः मोहगावला आला, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. दारातच उभा राहिला. ‘ताई, मागचं सोड. तू आल्याबिगर पोरीचं लगन लावत नाई,’ म्हणाला आणि गेला. वहिनींनी त्याला पाणीही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या पांढुर्ण्याला जाऊन भाचीसाठी साडी घेऊन आल्या. हिरवी. मी गेलो तेव्हा ती मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ‘तुमीच सांगा भाऊजी. औषध तं तुमीच मारलं, सारं तुमच्यासमोरचं हाय. जाऊ का नको?’

दोघं एका मांडवात बसले की बोलणं औषधावर येणार, या वेळी वहिनी ऐकून घेणार, आणि मग दोघंही माझ्याकडे बघणार — हे मला तेवढ्यात दिसलं. मी म्हणालो, नका जाऊ वहिनी. ज्याने एकदा फसवलं त्याच्या दारात कशाला?

त्या जरा वेळ साडीवरून हात फिरवत राहिल्या. ‘बरं झालं सांगितलं,’ म्हणाल्या. ‘मी तं निघालीच होती.’

लग्न काल झालं. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मला वेगळं आमंत्रण होतं, आणि मी गेलो. मांडवात शिरणाऱ्या प्रत्येक बाईकडे सुरेश मान उंच करून बघत होता. मुहूर्त टळून गेला तरी त्याने भटजींना थांबवून धरलं, कुणाला कारण सांगितलं नाही. मग मंगलाष्टकं झाली. मी अक्षता टाकल्या, जेवलो आणि घरी आलो.