आत्याचा गळा, तीनशे वीस जीबी

दोन वस्तू समोर आल्या की माझं डोकं फिरतं. चप्पल घ्यायला गेलो तर तीन दुकानं पालथी घालायचो, आणि घरी आल्यावर न घेतलेलीच बरी होती असं वाटून रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही. आई म्हणायची, "याला लग्नासाठी दोन मुली दाखवू नका, एकच दाखवा, नायतर दोघी म्हाताऱ्या होतील." मी तेव्हा जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात कॉम्प्युटरवर मालाची आवक-जावक बघायचो. दोन हजार नऊच्या आसपासची गोष्ट. त्या उन्हाळ्यात माझ्यापुढे आलेल्या दोन वस्तू म्हणजे लॅपटॉपमध्ये बसवायच्या दोन डिस्क, आणि त्यातली कुठली घ्यावी यावर माझ्या आत्याचा आवाज अवलंबून होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हापासून ती आमच्याकडेच असायची. ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला त्याची गाणी, म्हणजे धवले, म्हणावे लागतात, आणि ते गाणाऱ्या बाईचा मान भटजीच्या वर असतो. आत्याला अक्षरओळख नव्हती. किती धवले येतात असं विचारलं तर म्हणायची, "मोजलंय कोनी? येक सुरू झाला का दुसरा आपोआप येतो." आजूबाजूच्या गावांतून तिला न्यायला रिक्षा यायची. लग्नसराईत ती घरात पाहुणी असल्यासारखीच राहायची.

त्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी पाच आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं, जिवाला धोका नाही, पण आवाज पूर्वीसारखा राहीलच असं सांगता येत नाही. आत्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर उसाचा रस मागितला. मला मात्र स्टँडवर बसवत नव्हतं. बस येईपर्यंत मी तीनदा उठून वेळापत्रक वाचलं.

घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की तिचे सगळे धवले रेकॉर्ड करायचे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या मित्राचा कॅमेरा मिळणार होता. लॅपटॉप माझ्याकडे होता, पण तो सेकंडहँड, आणि त्याची डिस्क गच्च भरलेली. नवीन घालायला हवी होती. गोदामात हेड ऑफिसचा एक जण यायचा, तो म्हणाला, "आता सॉलिड स्टेट घे. तिच्यात काही फिरत नाही, काही घासत नाही. हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरागरा फिरते आणि तिच्यावर केसाच्या अंतरावर एक सुई. भरवसा नाही." त्यानं एवढं सांगितलं आणि माझी झोप गेली.

सॉलिड स्टेट मिळत होती ती बत्तीस जीबीची, आणि तिच्या पैशात तीन मोठ्या हार्ड डिस्क आल्या असत्या. नुसता आवाज ठेवायचा तर बत्तीसमध्ये आत्या मावली असती. पण मला तिचा चेहरा हवा होता, तांदळाच्या ताटावरून फिरणारे हात हवे होते, ओळ सोडताना ती डोळे मिटते ते हवं होतं, आणि व्हिडिओला जागा लागते बक्कळ. हार्ड डिस्क घेतली तर तीनशे वीस जीबी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी वहीत दोन रकाने आखले. गोदामात माल उतरत असताना इंटरनेटवर अनोळखी माणसांची भांडणं वाचली. अर्धे म्हणत सॉलिड स्टेटच घ्या, अर्धे म्हणत ही नवी फॅडं आहेत. दर तासाला माझं मत बदलायचं.

एकदा आत्यानं विचारलं, "कवरे दिवस लावतंस रं? आवाजच ठेव. माजा तोंड कोनाला बघायचाय?"

"मला," मी म्हणालो.

"मग आता बघ ना. बस माजे पाशी. दोन ओली तरी म्हन माजे मागं."

मी म्हणालो, पुरुष कुठे धवले म्हणतात? आणि मला कल्याणला जायचंय. एकदा सगळं मशीनमध्ये घेऊ, मग निवांत शिकू.

"निवांत? तू?" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

असे दोन आठवडे गेले. शेवटी कल्याणच्या दुकानात काउंटरवर दोन्ही डिस्क शेजारी ठेवून मी उभा राहिलो. दुकानदार भला माणूस होता. त्यानं मला महाग वस्तू गळ्यात मारायचा प्रयत्नही केला नाही. एकच प्रश्न विचारला, "लॅपटॉपला हादरे बसतात का? बाईकवरून नेता, गाडीत चालू ठेवता, असं काही?"

"छे हो," मी म्हणालो. "टेबलावरून हलतसुद्धा नाही."

"मग हार्ड डिस्क घ्या बिनधास्त."

मी खोटं बोललो नव्हतो. टेबल माझ्या खोलीत होतं, खोली पहिल्या मजल्यावर होती, आणि खाली वडिलांच्या शेडमध्ये कापड विणणारे बारा लूम चालत होते. दिवसपाळी, रातपाळी, शुक्रवारची सुट्टी सोडून कायम. मी त्या खडखडाटावर जन्मलो, त्याच्यावरच अभ्यास करून पास झालो. ठाण्याहून आलेला पाहुणा आमच्याकडे चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि आम्ही त्याला हसायचो. आमच्या लेखी घर स्थिर होतं. लूम बंद पडले तरच आम्ही दचकायचो.

ऑपरेशनच्या आधी तीन शुक्रवार हातात उरले होते. शुक्रवारी कारागीर सुट्टीवर, शेड बंद, तेव्हाच काय ती शांतता. आत्या हिरवं लुगडं नेसून, ताटात तांदूळ घेऊन माझ्या खोलीत बसायची आणि सुरू करायची. तिनं म्हटलं होतं तसंच झालं, एकातून दुसरा निघायचा. कॅमेरा वायरनं थेट लॅपटॉपला जोडलेला. मी समोर मांडी घालून बसलेलो, पण माझं लक्ष कुठे? स्क्रीनवरची आवाजाची हिरवी पट्टी लाल होतेय का, बॅटरी किती, डिस्कवर जागा किती उरली. मध्येच उठून कॅमेरा सरकवायचो. एकदा तर तिला थांबवून म्हणालो, "आत्या, पुन्हा घे, पंख्याचा आवाज आला." तिनं पुन्हा घेतला. कधी कुरकुरली नाही. डीव्हीडीवर एक-एक प्रत काढून ठेवायची असंही मी ठरवलं होतं, पण कोणत्या डीव्हीडी चांगल्या यावर अजून वाचन चालू होतं.

तिसऱ्या शुक्रवारी ती मध्येच थांबली. मान तिरकी करून म्हणाली, "तुजे पेटीन कोन ताल देतं रं? चुकतंय तो."

मी कान लावला. लॅपटॉपमधून टक, टक, जरा थांबून पुन्हा टक. बाकीचे सहा दिवसही लॅपटॉप चालूच असायचा, पण लूमच्या आवाजात ते कुणाला ऐकू येणार? मी म्हणालो, "मशीन आहे ती, आवाज करणारच. तू म्हण." तिनं थोडा वेळ वाट बघितली, टक थांबल्यावर पुढची ओळ घेतली.

ऑपरेशन नीट झालं. ती घरी आली त्याच आठवड्यात लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. डिस्क सापडत नाही. कल्याणचं दुकान झालं, मग मुंबईत असल्या डिस्कमधून माहिती काढून देणारा एक जण गाठला. त्यानं ती उघडून बघितली आणि तबकडीवरचे ओरखडे मला भिंगातून दाखवले. काहीच निघणार नव्हतं. फॉर्म भरताना त्यानं विचारलं, लॅपटॉप कुठे असतो? टेबलावर, मी म्हणालो. आणि टेबलाखाली? बारा लूम आहेत. त्याचं पेन थांबलं. "तुम्हाला हादरे जाणवत नाहीत?" घरी येऊन मी टेबलावर तळवा टेकवला. कोपरापर्यंत हात थरथरत होता. सव्वीस वर्षांत मी कधी तसा हात ठेवला नव्हता. मी तिथेच टेबलाला लाथ मारली, आणि माझंच बोट सुजलं.

आत्याचा आवाज परतला नाही. शब्द निघायचे, पण नुसती हवा. चाल निघत नव्हती. मी तिला डिस्कचं सांगितलं नाही, महिनाभर सांगितलं नाही. ती मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीकडे बोट दाखवून पुटपुटायची, "माजे बालाकडं सगला हाय." प्रत्येक वेळी मला तिथून पळून जावंसं वाटायचं, आणि मी जायचोच.

मग गल्लीतल्या एका मुलीची हळद ठरली. बायका घरी आल्या. धवलारीण वज्रेश्वरीकडची आणणार होत्या, पण तिची चाल वेगळी, म्हणून आत्याची ऐकवून तिला तीच म्हणायला लावायची असा बेत होता. आत्यानं मला हाक मारली. हाक कसली, हातानं जमिनीवर थापटलं. मी आलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डिस्क गेली, एकही धवला उरला नाही, आणि ती जायच्या आधी टकटक करत होती ते आत्यानं मला सांगितलं होतं.

आत्याला राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं मला जवळ बसवून घेतलं आणि कानाशी तोंड आणलं. "जाऊ दे. तू होतास ना समोर, तीन शुक्रवार. मी शबूद सांगतंय, तू चाल धर."

आणि तिनं हळदीच्या धवल्याची पहिली ओळ सांगितली, एकेक शब्द सुटा करून. मग माझ्या तोंडाकडे बघत थांबली, मागच्या बायकांना ओळ उचलायला द्यायची तेवढा वेळ. बायकाही माझ्याकडेच बघत होत्या. मी डोळे मिटले, तर हिरवी पट्टी दिसली, बॅटरीचा आकडा दिसला. आत्यानं ओळ पुन्हा सांगितली. मी तोंड उघडलं, आणि माझ्याही गळ्यातून नुसती हवाच निघाली.