चुलीमागे एक मत

आमच्या घरात लोकशाही मी आणली आणि तिनं सगळ्यात आधी मलाच पाडलं.

तेव्हा मी लोणावळ्यात बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत असे. (लिहीतही मीच असे, म्हणून वाक्यं लहान आणि राग मोठा.) आमचं घर औंढ्यात, रस्त्याला लागून. जनावरं विकल्यापासून पुढचा गोठा रिकामा होता आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला निघालेल्या गाड्या त्याच्या दारात तुंबायच्या. थोरले चुलते आबा म्हणाले, तिथं पार्किंग करू. मी म्हणाले, खानावळ! पिठलं-भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात. घरातल्या बायकांच्या हातात स्वतःची कमाई येईल. तसं पत्रक काढून घरातसुद्धा वाटलं.

आमच्याकडे जत्रेची वर्गणी चुलीमागे आणि मतही चुलीमागे. चुली तीन. आबा पार्किंग म्हणाले. माझे वडील अण्णा आणि धाकटे चुलते नाना खानावळ म्हणाले. दोनास एक. मी जिंकले होते.

शहाण्या माणसानं इथं पेढे वाटले असते. मी उभी राहिले.

"चूल पेटवणार बाई आणि चुलीचं मत देणार बाप्या? हे मतदान मला मान्य नाही."

"आगं, तुजीच खानावळ झाली न्हवं?" नाना म्हणाले.

"झाली. पण पद्धत चुकीची आहे. माणशी एक मत पाहिजे."

जिंकलेला उमेदवार फेरमतदान मागतोय हे आबा आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. "घ्या की," ते म्हणाले. "आमी कुटं न्हाई म्हनतो?"

मोठी माणसं नऊ. सगळ्यांनी हात वर करायचे, असं ठरलं. आबा, थोरली काकी, त्यांचा मुलगा आणि सून, असे चार हात पार्किंगला. आमच्या चुलीचे तीन आणि नाना-धाकटी काकीचे दोन, असे पाच खानावळीला. मी पुन्हा जिंकले. पण मी बघत होते ना! आईनं आधी अण्णांच्या हाताकडे पाहिलं आणि मग स्वतःचा उचलला. धाकट्या काकीनं तर नानांचा हात वर गेल्यावर आपला जेमतेम पदराबाहेर काढला.

"हे दबावाखालचं मतदान आहे," मी म्हणाले. "रद्द!"

"तायडे," अण्णा हळूच म्हणाले, "दोनदा जिकलीस. आता बस खाली."

"दहादा जिंकले तरी बसणार नाही. मतदान गुप्तच झालं पाहिजे."

मग स्वयंपाकघरात हंडा ठेवला. प्रत्येकाला एक भाताचा दाणा आणि एक पावटा. भात म्हणजे खानावळ, पावटा म्हणजे पार्किंग. एकेकट्यानं आत जायचं, हवं ते हंड्यात टाकायचं, उरलेलं डब्यात. थोरली काकी आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. (जाता जाता तिनं भांडी लावली.)

आबांनी हंडा सुपात पालथा केला. भाताचे दाणे तीन. पावटे सहा.

ते तीन दाणे कुणाचे, हे कळायला गणित लागत नाही. अण्णा, नाना आणि मी. तिघांनीही जन्मात कधी भाकरी थापली नव्हती.

"आई, तूसुद्धा?"

"गुप्त हाय ना?" आई म्हणाली. मग तिलाच राहवेना. "एवढ्या पब्लिकच्या भाकऱ्या कोन थापनार व्हतं? तू?"

"अगं, तुझ्या हातात पैसे आले असते."

"पैशे आले असते. रविवार कुटनं आला असता?"

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू इचारलंस कुटं? कागूद दिलास हातात."

धाकटी काकी पदर तोंडाला लावून हसत होती. आबा गोठ्याची मापं घ्यायला कधीच बाहेर पडले होते.

तरी मी आजही छातीठोकपणे सांगते, माझी पद्धतच बरोबर होती. चुलीमागे मत म्हणजे अन्याय, हात वर करणं म्हणजे धाक, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी आमच्या औंढ्याला यावं, मी भांडायला तयार आहे. फक्त रविवारी सकाळी येऊ नये. पार्किंग सुरू झाल्यावर बायकांनी आपणहून हंडा काढला आणि रविवारचा सगळ्या घराचा चहा-नाष्टा कुणी करायचा, यावर गुप्त मतदान घेतलं. मी आठ विरुद्ध एक अशा प्रचंड बहुमतानं निवडून आले.