डागी पेरू वर

अब्बांची हातगाडी आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर असायची. हिवाळ्यात पेरू, उन्हाळ्यात कलिंगडं आणि मधल्या काळात केळी. मी सातवीत जाईपर्यंत ती गाडी बाकीच्या गाड्यांसारखीच होती. चकचकीत माल वर, डागी माल खाली.

मग एका शुक्रवारी मशिदीत मौलवी साहेबांनी पैगंबर साहेबांची एक हकिकत सांगितली. बाजारात धान्याची रास होती. पैगंबर साहेबांनी तिच्यात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसानं भिजलंय. त्यावर त्यांनी विचारलं, मग ते लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस?

ऐकून सगळे घरी जेवायला गेले. अब्बाही गेले. पण शनिवारी सकाळी त्यांनी गाडी लावली ती उलटी. डाग पडलेले, पिचलेले, पाखरांनी टोचलेले पेरू वर आणि चांगले खाली. आमच्या घरात दख्खनी बोलतात. ते बोलणं मी इथं मराठीत लिहितो आहे. अम्मी म्हणाली, "गिऱ्हाईक लांबूनच पळेल."

"पळू दे," अब्बा म्हणाले. "सुन्नत काय फक्त दाढी ठेवण्यापुरतीच आहे?"

सुन्नत म्हणजे पैगंबर साहेबांची रीत. ते जसं वागले तसं आपण वागायचं. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले. जेवढं कळलं तेवढं ते दुसऱ्या दिवशीपासून करायचे. पहिले काही आठवडे गाडी संध्याकाळी भरलेलीच घरी यायची आणि आम्ही पेरूची भाजी, पेरूची कोशिंबीर, पेरूची चटणी खायचो. शाळेत पोरं मला "सडका पेरू" म्हणायची. मला अब्बांचा राग यायचा. काही गिऱ्हाईक कायमचं तुटलं. जे टिकलं ते हळूहळू पिशवी पुढं करून "तुम्हीच घाला" म्हणायला लागलं. आमचे हेडमास्तर त्यांतले एक. रोज शाळा सुटली की ते गाडीशी थांबत आणि पेरू घेता घेता माझी चौकशी करत. त्यांच्याच आग्रहानं मी सायन्सला गेलो आणि बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कर्वेनगरला एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. माझा रूमपार्टनर नागपूरकडच्या एका बौद्ध कुटुंबातला, त्याच्याही घरातला पहिलाच इंजिनिअर. घर सुटल्यावर मी रीती आणखी घट्ट धरल्या. पाणी बसून, तीन घोटांत प्यायचं. जोडा आधी उजव्या पायात. खोलीत शिरताना सलाम, आत कोणी असो नसो. रूमपार्टनर बघत राहायचा.

"काहून बे, पाणी पितो का दवाई?"

"तूही बसून पिऊन बघ."

"मले घाई हाय," असं म्हणून तो उभ्यानंच तांब्या रिकामा करायचा. पण रमजानात माझ्या सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, अलार्म तोच लावायचा, कारण मला गजर ऐकूच यायचा नाही.

मी मराठी शाळेतला. वर्गातलं इंग्रजी कानांवरून जायचं. पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षी इतके विषय राहिले की तिसऱ्या वर्षाला प्रवेशच मिळाला नाही. पोरं म्हणायची, वायडी लागली. म्हणजे वर्ष गेलं.

घरी काय सांगायचं याचा मी दोन दिवस विचार केला. मग एसटीडी बूथवरून स्टँडवरच्या चहावाल्याच्या फोनवर अब्बांना बोलावून घेतलं आणि म्हणालो, "अब्बा, हे इंजिनिअरिंग पाच वर्षांचं असतं." ते म्हणाले, "असू दे. पाच तर पाच." चार की पाच हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ज्या माणसानं डाग लपवायचा नाही म्हणून धंदा उलटा मांडला, त्याला मी फसवलं, आणि बूथमधून बाहेर येऊन नळावर पाणी प्यायलो तेही बसून, तीन घोटांत. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढची वर्षं मी जिवापाड अभ्यास केला. राहिलेले विषय काढले, नंतर पुन्हा कुठं अडलो नाही. पण पदवी हातात आली ती नेमकी मंदीत. काही वर्षांपूर्वी ज्या कंपन्या कॉलेजच्या दारात येऊन पोरं उचलत होत्या, त्या आता अर्जाला उत्तरही देत नव्हत्या. आम्ही डेक्कनला एका क्लासमध्ये मुलाखतीची तयारी करायला जायचो. तिथले सर मुलांचे बायोडेटा तपासून द्यायचे. माझा बघून त्यांनी चष्मा काढला.

"इथं एक वर्ष रिकामं दिसतंय. त्याचं काय करणार आपण?"

"नापास झालो होतो सर. तसंच लिहीन."

"असं? आपण नोकरी मागायला निघालाय की गुन्हा कबूल करायला?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "वडिलांचं आजारपण, असं लिहा. सगळे तेच लिहितात. वडिलांना काही होत नाही त्यानं."

संध्याकाळी मी कोरा कागद घेऊन बसलो. 'वडिलांचं आजारपण' हे दोन शब्द लिहायला पेन चालेना. अब्बा कधी आजारी पडल्याचं मला आठवत नव्हतं. तापातही ते गाडी लावायचे. मी रूमपार्टनरला सगळं सांगितलं, पाच वर्षांचंही. ते मी त्याला कधीच बोललो नव्हतो.

"म्हणजे इथं माह्यासमोर पाणी बसून पितो," तो म्हणाला, "अन् तिकडं बापाले खोटं सांगून बसला. काय कामाचं बे ते पाणी?"

मला राग आला. मी खोलीबाहेर पडलो आणि कर्वे रस्त्यानं पौड फाट्यापर्यंत चालत गेलो. परत येईपर्यंत राग गेला होता, त्याचं बोलणं राहिलं होतं. कंपनीतल्या परक्या माणसांना खरं सांगायचं मी ठरवलं होतं, आणि ज्याच्याकडून ते शिकलो त्याच्यापासून लपवलं होतं. आधी घरी सांगायचं, मग बायोडेटा लिहायचा, असं त्या दिवशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावी गेलो. अब्बा पेरू मांडत होते. मी गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. मी एक वर्ष नापास झालो होतो. तुमच्याशी खोटं बोललो.

त्यांचे हात थांबले. "चार असतं?"

"हो."

"आणि मी स्टँडवरच्या कंट्रोलरला पाच सांगितलं. चहावाल्याला पाच. मौलवी साहेबांना पाच. हेडमास्तरांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडं बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. आता कळलं." हातातला पेरू त्यांनी खाली ठेवला. "माझ्या तोंडून इतकी वर्षं खोटं जात होतं, आणि मला पत्ताही नाही."

नापास झाल्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मला गाडी सोडता येत नाही. तू जा. ज्यांना मी पाच सांगितलं त्यांना तू चार सांगून ये. आणि नापास झालास तेही."

"आत्ता?"

"मग कधी?"

मी गेलो. स्टँडवरचा कंट्रोलर म्हणाला, "पण आता पास झालास ना? मग झालं तर. बाजूला हो, गाडी लागतीय." चहावाला हसला. "हे सांगायला पुण्यासनं आलास व्हय रं?" मौलवी साहेबांनी ऐकून घेतलं आणि डोक्यावर हात ठेवला. हेडमास्तरांकडं मात्र सगळ्यांत शेवटी गेलो.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "ते तू सांगायचं होतंस, मी नाही. बैस. कुठले विषय राहिले होते?"

मी विषय सांगितले. त्यांनी चहा दिला आणि इंग्रजीची एक जुनी पुस्तिका काढून दिली. ती अजून माझ्याकडे आहे.

परत गाडीशी आलो तेव्हा अब्बांनी विचारलं, "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"जेवायला चल."

पुण्याला आल्यावर बायोडेटा नव्यानं लिहिला. नावाच्या खाली, सगळ्यांत वर एकच ओळ: दुसऱ्या वर्षी नापास, पुढच्या वर्षी सर्व विषय पूर्ण. सायबर कॅफेत रूमपार्टनरच टाइप करत होता.

"पक्कं ना? प्रिंट मारू?"

"मार."

"सर चक्कर येऊन पडतीन," असं म्हणत त्यानं एकदम वीस प्रती काढल्या.

त्या वीस संपल्या. अजून वीस काढल्या. काही ठिकाणी दारावरच्या माणसानं पहिली ओळ वाचून कागद परत दिला. एका ठिकाणी आत बोलावलं आणि पाच मिनिटांत बाहेर पाठवलं. क्लासचे सर भेटले की विचारायचे, "काय, कबुलीजबाब कुठवर आला?" एकदा मलाही वाटलं, निदान ओळ खाली तरी न्यावी. मग स्टँडसमोरची गाडी डोळ्यांपुढं आली. ओळ जिथं होती तिथंच ठेवली.

हडपसरला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लहानशी कंपनी होती. मुलाखत घ्यायला एक मॅडम होत्या. त्यांनी कागद समोर धरला.

"हे सगळ्यांत वर का लिहिलंय?"

"खाली लिहिलं असतं तर तुम्हाला शोधावं लागलं असतं."

त्या हसल्या नाहीत. "कोणते विषय?"

मी सांगितले. मग त्यांनी पाऊण तास त्याच विषयांवर प्रश्न विचारले. ते विषय मी दोनदा शिकलो होतो. दोन प्रश्नांना उत्तर आलं नाही. येत नाही म्हणून सांगितलं. आठवड्यानं पत्र आलं.

बूथवरून चहावाल्याच्या फोनवर फोन लावला. अब्बा धापा टाकत आले.

"अब्बा, नोकरी लागली."

तिकडून आधी अल्लाहचे आभार ऐकू आले, मग गाड्यांचे हॉर्न. मग त्यांनी विचारलं, "कच्ची की पक्की?"

"कच्ची. सहा महिने काम बघणार, मग ठरवणार."

"काम काय?"

"कॉम्प्युटरचंच. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या."

"बरं," ते म्हणाले. "मग लोकांना तसंच सांगतो. सहा महिने कच्ची."

फोन ठेवायच्या आधी चहावाल्याला त्यांनी मोठ्यानं सांगितलेलं मला इकडं ऐकू आलं, "पोराला नोकरी लागली. सहा महिने कच्ची."