डॉक्टर सांगलीहून आलेच नाहीत

ती घटना आठवायला मला आजही जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत मी खून पाहिले, अपघात पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेतं पाहिली. पण आरोपीचा जबाब घेताना हातातलं पेन खाली ठेवावं लागलं, असं माझ्या बाबतीत एकदाच झालं. तेव्हा निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती आणि कराड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथे देणार नाही.

दुपारी चारच्या सुमाराला एका खासगी रुग्णालयातून ठाण्यात फोन आला. दोन माणसं एका तरुणाला गाडीतून घेऊन आली होती. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तो आधीच मरण पावला होता. मलकापुरात एका इमारतीच्या जिन्यावरून पडला, एवढं सांगून ती दोघं निघून गेली. त्यांनी दिलेला मोबाईल नंबर लागत नव्हता. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

तरुणाच्या डोक्याला पट्टी होती. सरकारी रुग्णालयात पंचांसमोर ती सोडली. डोक्याची मागची बाजू पूर्ण भादरलेली होती आणि तिच्यावर मोहरीएवढ्या शेकडो जखमा होत्या. पुढे कपाळाच्या वरही तशाच जखमा, पण ओळीत. त्या ओळी डावीकडून सुरू होऊन मध्येच थांबल्या होत्या.

"छर्रे लागलेत काय साहेब?" हवालदारानं हळूच विचारलं.

वैद्यकीय अधिकारी बाईंनी मान हलवली. "केसांचं रोपण केलंय. मागचे केस मुळासकट काढायचे आणि पुढे टकलावर लावायचे. पण हे काम अर्धवट राहिलंय. आणि जिन्यावरून पडल्याची एकही खूण मला दिसत नाही."

दोन्ही मनगटांवर मात्र वळ होते. कुणीतरी दाबून धरल्यासारखे.

एवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. पडद्यावर 'आई' असं नाव होतं. पोलिसांना असे फोन उचलायची सवय होते, असं लोकांना वाटतं. होत नाही.

तासाभरात वडील आले. घरचा ऊस, धाकटा मुलगा सैन्यात, असं ते कुटुंब. चादर बाजूला केल्यावर ते चटकन म्हणाले, "ह्यो आमचा न्हाई, साहेब. आमचा पाचगणीला गेलाय मित्रांसंगं." चेहरा सुजलेला, डोकं भादरलेलं, त्यामुळे त्यांना खरंच ओळख पटली नव्हती. मग त्यांची नजर हाताकडे गेली. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात मुलाची करंगळी अर्धी तुटली होती. ती करंगळी हातात धरून ते फरशीवर बसले. बराच वेळ त्यांना कुणी उठवलं नाही.

मुलगा एकोणतीस वर्षांचा होता. ठिबक सिंचनाचं सामान विकायचं दुकान चालवायचा. चार महिन्यांनी लग्न ठरलं होतं. केस लावून घ्यायला जातोय, हे त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐन पंचविशीत केस गेले आणि दोन-तीन ठिकाणी 'मुलगा वयस्क दिसतो' म्हणून नकार आला होता, हे नंतर त्याच्या आईनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर एक बाई बोलली. नाव सांगेना. "साहेब, त्यो जिन्यात पडला न्हाई. वरनंच उचलून आणलाय त्याला. मी फरशी पुसाय हुते." इमारत कुठली ते तिनं सांगितलं आणि फोन ठेवला. ती तिथं साफसफाई करत होती. पुढे तिनं रीतसर जबाबही दिला.

तालुका आरोग्य अधिकारी आणि दोन पंच यांना घेऊन आम्ही तिथं छापा घातला. हायवेजवळची इमारत, पहिल्या मजल्यावर 'सौंदर्य केंद्र'. गारेगार हवा, काचेचे दरवाजे, भिंतीवर टक्कल आधी आणि केस नंतर असे जोडीजोडीनं लावलेले फोटो. सांगलीच्या एका त्वचारोगतज्ज्ञाचं नोंदणी प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं आणि ते अस्सल होतं. आत ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याचा नॉब फिरवला. काटा शून्यावरून हलला नाही. फ्रीजमध्ये काचेच्या बशीत पाण्यासारख्या द्रवात त्या मुलाचे काढलेले केस मुळांसकट ओळीनं मांडलेले होते. लावायचे राहिलेले. मी जप्ती पंचनाम्यात त्यांचं वर्णन कसं लिहायचं, हे दोन मिनिटं ठरवू शकलो नाही.

केंद्र चालवणारा माणूस पस्तिशीचा. सगळे त्याला 'सर' म्हणत. बोलणं मृदू, नखं स्वच्छ. तो डॉक्टर नव्हता. पुण्यात एका दवाखान्यात मदतनीस होता, तिथं बघून शिकला. चौकशीत त्यानं एकच सांगितलं, "ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. ते गेल्यावर पेशंट घरी निघाला आणि जिन्यात पडला." मृतदेह नेणारी दोघं त्याच्याकडेच कामाला होती. त्यांनीही तेच शब्द, त्याच क्रमानं सांगितले. तीन माणसं एखादी गोष्ट एकाच क्रमानं सांगू लागली, की ती आधी बसून ठरवली आहे हे समजावं. खरं आठवणारी माणसं मागेपुढे करतात.

सांगलीच्या डॉक्टरांना बोलावलं. तेही म्हणाले, "हो, मीच केलं. मी निघालो तेव्हा पेशंट व्यवस्थित होता." त्यांचा मोबाईल दिवसभर सांगलीतच असल्याचं कंपनीच्या नोंदींत दिसत होतं. विचारलं तर म्हणाले, "फोन घरी विसरलो होतो." संमतीपत्रावर त्यांची सही होती. व्हिसेरा तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेला होता आणि अहवाल यायला वेळ होता. उपचारातल्या निष्काळजीपणाची तक्रार असली, तर डॉक्टरवर कारवाई करण्याआधी तज्ज्ञ समितीचा अभिप्राय घ्यावा लागतो. 'सर' आणि डॉक्टर दोघं हसत घरी जातात की काय, अशी मला धास्ती वाटू लागली.

मुलाच्या मोबाईलचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. पाचव्या दिवशी त्याची होणारी बायको आपल्या आईला घेऊन ठाण्यात आली. तासगावकडची मुलगी, बी.एस्सी. झालेली. आई सारखी तिचा हात ओढत होती. "साहेब, हिचं नाव कुठं यायला नगं. लगीन मोडलंय म्हनून आदीच लोक कायबाय बोलाय लागल्यात. त्यात हे कोर्टकचेरीचं."

मुलगी म्हणाली, "येऊ दे नाव." आणि तिनं स्वतःचा मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला.

एकट्या तिला त्यानं सांगितलं होतं. टेबलावर पडल्या पडल्या तो तिला आवाजाचे संदेश पाठवत होता. पहिला सकाळी अकराचा. "डॉक्टर सांगलीस्नं येणार हुते, आलेच न्हाईत अजून. सर म्हणत्यात, आमीच करतो रोज. मग काय, पडलोय." आवाजात थोडं हसू होतं. शेवटचा एकच्या सुमाराचा. "अगं, ओठाला मुंग्या येत्यात लय. जिभेवर लोखंडागत चव येतीय. कानात घुंई घुंई हुतंय." आणि त्याच्या मागे, अगदी स्पष्ट, त्या मृदू माणसाचा आवाज, "काही नाही, होतं असं. मोबाईल ठेवा. अजून एक इंजेक्शन भर रे."

ते ऐकताना हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

मी त्या वैद्यकीय अधिकारी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बधिर करायचं औषध प्रमाणाबाहेर गेलं की हीच लक्षणं येतात. जाणता डॉक्टर शेजारी असता तर त्यानं पहिल्या मुंगीला काम थांबवलं असतं."

दुपारी मी 'सरां'ना समोर बसवलं आणि काही न विचारता तो संदेश ऐकवला. त्यानं तो दोनदा ऐकला. मग पाणी मागितलं आणि बोलायला लागला. डॉक्टर त्या दिवशी आलेच नव्हते. महिन्यातून एकदा येऊन कोऱ्या संमतीपत्रांवर सह्या करून जात.

"मग काय झालं?"

"फिट आली त्याला. हातपाय झाडायला लागला."

"मग?"

"पोरांनी हात धरले. थोडा शांत झाला."

"डॉक्टरला, अँब्युलन्सला फोन केला?"

"नाही."

"मग काय केलं?"

तो सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "काम चालू ठेवलं. केस बाहेर काढलेले होते ना, साहेब. जास्त वेळ राहिले तर खराब होतात."

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं. मग दुसरी फिट आली."

तेव्हा मी पेन खाली ठेवलं. रागानं मारणारा माणूस मला समजायचा. हा रागावला नव्हता, घाबरलाही नव्हता. एक माणूस मरत होता आणि याला केसांची काळजी होती. आणि ती त्यानं मला असं समजून सांगितली, की कुठल्याही कसबी माणसाला पटावी.

सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. समितीचा अभिप्राय विरोधात गेला, प्रयोगशाळेच्या अहवालात बधिरीचं औषध प्रमाणाबाहेर निघालं आणि डॉक्टरांनाही अटक झाली. खटल्यात मुलीची साक्ष तीन तास चालली. बचाव पक्षाच्या वकिलांनी तिला विचारलं, "टक्कल असलेला नवरा नको, म्हणून तुम्हीच पाठवलं ना त्याला?" ती म्हणाली, "मी दोनदा नको म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, तेवढी चूक माझी आहे." 'सर' आणि डॉक्टर, दोघांनाही शिक्षा झाली. वर अपील चालू आहे.

दिसण्यासाठी ऑपरेशन करून घेऊ नका, असं मी कुणाला सांगत नाही. नाक असो, पोट असो, केस असोत, ज्याचा त्याचा प्रश्न. पण ओळखीतलं कुणी विचारलं तर माझ्यातला तपास अधिकारी जागा होतो. भिंतीवरचं प्रमाणपत्र कुणाचं ते बघू नका, सुई कुणाच्या हातात असणार ते विचारा. त्या माणसाला आदल्या दिवशी भेटा. त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि वैद्यक परिषदेच्या यादीत स्वतः शोधा. त्याचं शिक्षण याच कामाचं आहे का, तेही बघा. भूल किंवा बधिरीचं औषध कोण देणार, काही बिघडलं तर कुठल्या रुग्णालयात नेणार, हे आधी ठरवून घ्या. स्वतःचे आजार आणि चालू गोळ्या लपवू नका. आणि घरचं एक माणूस बाहेर बसवाच. त्या मुलासाठी त्या दिवशी बाहेर कुणी बसलेलं असतं, तर त्या वीस मिनिटांत दरवाजा वाजला असता.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट उरते, आणि ती मला या प्रकरणानं शिकवली. डॉक्टर आले नाहीत, हे त्या मुलाच्या लक्षात आलं होतं. तो अडाणी नव्हता, भोळाही नव्हता. फक्त एवढी तयारी झाल्यावर आता नको कसं म्हणायचं, समोरच्याला काय वाटेल, या भिडेनं तो पडून राहिला. आपल्याकडची बहुतेक माणसं तशीच पडून राहतात. म्हणून मी विचारणाऱ्याला शेवटी एवढंच सांगतो. टेबलावर झोपल्यानंतरही उठता येतं. चप्पल घालायची आणि चालू लागायचं. कुणी अडवत नाही.