इमारतीतल्या मुलीचं मत

"तिलाच विचारा ना, ती तर दिवसभर त्यांच्यावरच वाचते."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हे शेजारच्या खुर्चीला सांगत होत्या, त्यांच्या मते हळू आवाजात. एका कानाने त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं जिन्यापर्यंत पोचतं. मी सोसायटीच्या ऑफिसच्या दारात बाबांचा विसरलेला चष्मा घेऊन उभी होते. चष्मा देऊन सटकायचं ठरवलं होतं.

"ये गं, बस," सेक्रेटरी काका म्हणाले. "घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला विचारायचं?"

पंपरूमला लागून असलेल्या त्या खोलीत आमच्या पहिल्या मजल्यावरच्या दुसऱ्या, रिकाम्या फ्लॅटची चर्चा चालली होती. चाळ पाडून भांडुपची ही इमारत उभी राहिली, तेव्हा आजोबांच्या गिरणीच्या दिवसांतल्या खोलीच्या बदल्यात तो मिळाला. भाडेकरू ठेवायचा तर कमिटीची परवानगी लागते. एरवी ती चहाबरोबर मिळते. या वेळी बाबांनी एका फिजिओथेरपिस्ट मुलीला आणि तिच्या आईला हो म्हटलं होतं. ती माझ्याच वयाची असेल, इथल्याच एका दवाखान्यात काम करते. त्यांची इमारत पाडायला घेतली होती, महिनाअखेरीस घर सोडायचं होतं. तिच्या आईचे गुडघे गेलेले, म्हणून लिफ्टची इमारत हवी होती. दोघी मुसलमान.

फ्लॅट बघायला आल्या त्या दिवशी बाबांनी त्या आईला सवयीने विचारलं होतं, "गाव खंयचा तुमचा?" आणि ती आमच्या गावासमोरच्या, खाडीपलीकडच्या गावची निघाली. पुढचा अर्धा तास फ्लॅट कोणी बघितलाच नाही. कुठल्या धक्क्यावरून तरीची होडी सुटायची, कुठल्या वाडीचे फणस बरके, बांगडा खारवताना मीठ किती. त्या कोकणीत बोलत होत्या आणि बाबा मालवणीत, आणि दोघांनाही सगळं कळत होतं. मी इंग्रजी शाळेतली, मलाच मध्येमध्ये कळत नव्हतं. जाताना त्यांनी घरची आमसुलं दिली. बाबा म्हणाले, "घर तुमचाच समजा."

"तर सांग," सेक्रेटरी काका म्हणाले, "सुरुवातीला असेच असतात ना हे? साधे, शिकलेले, गोड बोलणारे?"

मी अंधेरीला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात काम करते. परदेशात माल आणि माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांना तिथे काय धोका आहे, ते आम्ही लिहून देतो. माझ्या वाट्याला अफगाणिस्तान आणि त्याला लागलेली पाकिस्तानची सरहद्द आली आहे. तिथे जहाल इस्लामी संघटना कशा उभ्या राहिल्या, कोणी वाढवल्या, कशा फुटल्या. घरी मी त्यातलं काही बोलत नाही. आई शेजारी सांगते, "कंप्युटरवर काहीतरी असतं."

पण त्या दिवशी बोलले. रशियन सैन्य आलं तिथपासून सुरुवात केली. लाखो लोक सरहद्द ओलांडून छावण्यांत आले. त्यांच्या मुलांना शाळा नव्हती, मदरसे होते, आणि त्यांना अमेरिकेचा, आखाती देशांचा पैसा आणि पाकिस्तानी लष्कराची मदत मिळत होती. परदेशी पैशाने छापलेल्या गणिताच्या पुस्तकांत मुलं बंदुकीच्या गोळ्यांची बेरीज करत होती. युद्ध संपलं, पैसेवाले निघून गेले, ती मुलं मोठी झाली. त्यांनी आधी आपल्याच लोकांवर राज्य केलं. पुढे त्यांच्यातूनच निघालेल्यांनी, विरोधात बोलणारे गावोगावचे जुने वडीलधारे मारले. मशिदींत स्फोट केले. मेलेले बहुतेक मुसलमानच होते. मराठीत शब्द सापडत नव्हते तिथे मी इंग्रजी शब्द घातले. शेवटी म्हटलं, की हे एका धर्माच्या घराघरात आपोआप उगवत नाही, कोणीतरी ते पेरतं, पाणी घालतं, आणि बाकीचे बघत बसतात.

एवढं सलग मी त्या इमारतीत कधीच बोलले नव्हते. कान गरम झाले होते.

काकू माझ्याकडे बघत होत्या. "तुझ्या त्या इतिहासात माझा कान आहे का गं?" त्यांनी विचारलं.

त्या बसमध्ये होत्या, बॉम्बस्फोट झाला तेव्हा; कान तिथेच गेला. सगळ्या इमारतीला माहीत आहे. त्यांचा प्रश्न टोमणा नव्हता. माझ्या अहवालांत 'जखमी' असा एक रकाना असतो, त्यात आकडा येतो. कान येत नाही.

"बघा," सेक्रेटरी काका खुर्ची मागे सरकवत म्हणाले, "एवढंसं पोरगं, पण केवढा अभ्यास! आणि रिस्क नाही, असं म्हणाली का? तसं नाही म्हणाली. म्हणजे रिस्क आहे."

"पण मी तर..." 

"अगं, तुला नको त्रास. आम्ही बघतो."

बाबा चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'पहिल्या मजल्यावरील फ्लॅटबाबत, आपल्याच इमारतीतील या विषयाच्या तज्ज्ञ मुलीचे मत घेऊन, सर्वानुमते परवानगी नाकारण्यात येत आहे.' खाली अंगठे, जोडलेले हात. कोणीतरी 'प्राऊड ऑफ यू बेटा' लिहिलं. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. ऑफिसात माझं एक वाक्य कोणी असं वाकवलं असतं, तर मी तासाभरात लाल शेरे मारून परत पाठवलं असतं.

बाबांनी त्या आईला फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. "आमच्या पावण्यांक अचानक जागा लागली हो... नाय, नाय, तुमचा काय एक नाय त्यात." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. बाबा दोनदा "व्हय, व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला.

"कुठले पाहुणे, बाबा?"

"तू गप गं. आपल्याला इथेच राहायचंय. सगळ्यांच्या तोंडाला कोण लागणार?"

"मग माझं नाव तरी काढायला सांगा त्यातून."

"नाव कुठे आहे तुझं? नुसतं मुलगी लिहिलंय."

रात्री आईने सोलकढी केली. आमसुलं त्यांचीच. बाबा दोन वाट्या प्यायले आणि म्हणाले, "गावचा वास आसा हो ह्येका." मी पाणी प्यायले.

तुलना करू नये, असं कामावर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. तिथे माणसं मेली, इथे फक्त एक फ्लॅट मिळाला नाही. मला ते कळतं. पण त्या सरहद्दीबद्दल वाचताना मी नेहमी एकाच जागी अडायचे: बंदुका नव्हत्या तेव्हाही गावातली भली माणसं का बोलली नाहीत? मला वाटायचं उत्तर कुठल्यातरी जाड पुस्तकात असेल. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर कढी पीत होतं.

पुढच्या महिन्यात इमारतीची सत्यनारायणाची पूजा होती. पहिल्या मजल्यावर पाहुणे अर्थातच आले नव्हते, खिडक्या बंदच होत्या. आरती झाली की आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. सगळ्यांच्या वतीने एकजण देवाकडे मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. सगळ्यांनी म्हणायचं असतं. तेव्हाच ते मागणं सगळ्यांचं होतं. लहानपणापासून मी मागे उभी राहून नुसते ओठ हलवत आले.

इमारतीत मालवणी चांगली येणारे बाबाच, म्हणून गाऱ्हाणं तेच घालतात. नारळ हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत."

"व्हय म्हाराजा!"

"लिफ्ट सारकी बंद पडता, तिच्यार नजर ठेव."

"व्हय म्हाराजा!" लोक हसले.

"पोरांका नोकऱ्यो गावूंदेत. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांक बळ दी."

"व्हय म्हाराजा!" काकूंचा आवाज सगळ्यांत मोठा.

सेक्रेटरी काका पुढे झुकून बाबांच्या कानाशी काहीतरी बोलले. बाबांनी नारळ हातात फिरवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि म्हाराजा, भायरचो कोण वायट मनान येयत, तर तेका येशीभायरच अडव. आमच्या बिल्डिंगीक सांभाळ."

सगळ्यांनी श्वास घेतला, आणि त्यांचं "व्हय" सुटायच्या आधी, माझ्या मोडक्या मालवणीत, मला स्वतःला दचकवणाऱ्या आवाजात मी म्हणाले, "नाय म्हाराजा."