धबधब्यामागचं घर

आमच्या शेजारच्या फोटोवाल्या काकांनी अख्ख्या गावाचे फोटो काढले, फक्त स्वतःच्या घराचा काढला नाही. पुढे रस्ता रुंद करताना ते घर पाडलं आणि दोघं नवराबायको आमच्या इमारतीत राहायला आले. काकू इथे छान रमल्या. महिनाभरात सगळ्या मजल्यांवरच्या बातम्या त्यांना आमच्याआधी कळू लागल्या. पण परवा त्यांनी मला बोलावून घेतलं ते रडवेला चेहरा करूनच.

"अगं, डोळे मिटले की घर दिसायचं मला. आता खिडकी दाराच्या डावीकडे होती की उजवीकडे, तेच आठवेना."

"उजवीकडे," आतून काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. नाकावरचा चष्मा सापडत नाही तुम्हाला."

मग आम्ही दोघी गावातले अल्बम पालथे घालायला निघालो. सगळे फोटो काकांच्या त्या घराच्या ओट्यावरच काढलेले, पण प्रत्येकाच्या मागे तोच रंगवलेला पडदा: निळा धबधबा आणि दोन जाडजूड हंस. नवीन जोडपी धबधब्यापुढे, टक्कल पडलेले मास्तर धबधब्यापुढे, भोकाड पसरलेली बाळंही धबधब्यापुढे. मला तर त्या हंसांचा राग यायला लागला. पडद्याचं एक टोक दाराला बांधलेलं असे आणि दुसऱ्याची दोरी काकू खिडकीच्या आतून धरून बसत, कारण त्या भिंतीत खिळा टिकत नसे. म्हणजे घर झाकायला काकूंचाही हातभार होता. हे मी बोलून दाखवलं, तर पुढची दोन घरं होईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

सायकलवाल्याची बायको मात्र आम्हाला बघूनच हसायला लागली. तिने कपाटातून एक फोटो काढला.

"आमच्या लग्नानंतरचा पहिला. वाया गेला म्हणून काका देतच नव्हते, मी हट्टाने घेतला."

ऐन वेळी पडदा कोसळलेला, तिचा नवरा हंसांखाली गडप, ती पोट धरून हसतेय. आणि मागे अख्खं घर! खिडकीत तरण्याताठ्या काकू, दोरी सोडून आत मान वळवलेल्या.

"दूध उतू जात होतं," काकू पुटपुटल्या. "कितीतरी दिवस अबोला धरला होता ह्यांनी."

काकांनी तो फोटो मोठा करून दिला. खिडकी डावीकडे निघाली, त्यावर काका नुसतेच खोकले. काकू फोटोवरून बोट फिरवत राहिल्या. भिंतीचे पोपडे निघालेले, खिडकीचं एक दार बिजागरीतून निखळून लोंबणारं.

"एवढंसंच होतं का हो?"

"एवढंसंच. लोकांना दिसू नये म्हणून तर पडदा लावायचो. तुला असल्या घरात आणलं, ह्याची लाज वाटायची मला."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो, किती मजेत होते मी तिथे! एकदा विचारायचं तरी."

मग त्यांनी तो फोटो बाहेरच्या खोलीत लावायला सांगितला, दारातून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसेल असा. नाही म्हणायची काकांची छाती झाली नाही.